जिभेवरचा पापुद्रा

शाळेत दुपारच्या जेवणाबरोबर गोड द्यावं की नाही, यावरून आमच्या कमळापुरात जेवढी भांडणं झाली तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झाली नसतील. शाळा साखर कारखान्याची. शाळेच्या भिंतीवर उसाचं चित्र, गणवेशाच्या खिशावर उसाचं कांडं आणि जेवणाच्या हॉलमध्ये कारखान्याच्याच सरबताचे दोन नळ. एक लिंबाचा, एक संत्र्याचा. मुलांना फुकट, हवं तेवढं. कारखाना आता मुख्यतः इथेनॉल काढतो. साखर खाणारे कमी झालेत, शहरातली माणसं तर साखरेचं नाव काढलं तरी भितात. तरी थोडी साखर निघतेच आणि ती कुठंतरी जिरवावी लागते. म्हणून सरबत.

मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. रस किती गोड, साखर किती शुद्ध, हे मोजण्यात माझी उमर गेली. निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत माझी बायको प्रमिला गेली. मधुमेहानं. आधी डोळे, मग पाय, मग किडनी. हे मी लिहितोय ते तिच्याबद्दल नाही, नातीबद्दल आहे. पण ती मध्ये मध्ये येणार. माझा इलाज नाही.

नात म्हणजे अन्विता. आम्ही अनू म्हणतो. चौथीत होती. तिची आज्जी गेल्यावर शाळेच्या भोजन समितीत आजी-आजोबांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. घरी बसून तोंड पाडण्यापेक्षा बरं, असं सूनबाई म्हणाल्या.

त्या वर्षीची पहिली सभा जेवणाच्या हॉलमध्येच भरली. मुख्याध्यापिका मुल्ला मॅडम उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "नळ बंद करा."

चेअरमन उदयदादा हसले. "मॅडम, साखर कारखान्याच्या शाळेत साखरेला बंदी? उद्या डेअरीच्या शाळेत दूध बंद करायचं काय?"

"दादा, चौथीच्या वर्गात बघा. निम्म्या मुलांच्या दंडाला रक्तातली साखर मोजायची पट्टी आहे. एवढ्या एवढ्या पोरांच्या!"

"पट्ट्या आता सगळ्यांनाच असत्यात. फॅशनच हाय ती."

"तुमचा नातू पुण्याच्या शाळेत शिकतो ना? तिथं नळ आहेत का हो?"

मागच्या बाकावरच्या आया फिसकन हसल्या. चेअरमननी चष्मा पुसायला घेतला. भांडण तिथंच पेटलं असतं, पण मॅडमनी डॉक्टर बिरनाळेंना बोलावून ठेवलं होतं. तेजस बिरनाळे. आमच्याच शाळेतला पोरगा, आता विद्यापीठात संशोधन करतो. त्यानं खिशातून एक चपटी डबी काढली. आत पारदर्शक तुकडे होते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे पातळ.

त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. जिभेवर बारीक उंचवटे असतात, त्यांत चवीच्या कळ्या. प्रत्येक कळीत काही पेशी फक्त गोडासाठी राखलेल्या. त्या पेशीवर एक खाच असते. साखरेचा कण त्या खाचेत बसला की मेंदूला निरोप जातो, गोड. आता आपल्या रानात बेडकीचा पाला होतो, त्याला गुडमारही म्हणतात. तो चावून साखर खाल्ली तर साखरेला चवच लागत नाही, हे गुराख्यालाही ठाऊक आहे. त्या पाल्यातला रेणू जाऊन खाचेत बसतो आणि साखरेला जागा उरत नाही. पाल्याचा असर घटकाभरात जातो. तेजसनं तो रेणू थोडा बदलला. सकाळी हा पापुद्रा जिभेवर ठेवला की दिवेलागणीपर्यंत गोड बंद. तिखट, आंबट, खारट, कडू सगळं शाबूत. अपाय काही नाही. तपासण्या झाल्या होत्या, सरकारची परवानगीही होती.

"म्हणजे नळ राहू द्या," तेजस म्हणाला. "मुलंच जाणार नाहीत."

त्यानं सगळ्यांच्या जिभेवर एकेक पापुद्रा ठेवला आणि पेढे वाटले. चेअरमननी पेढा तोंडात टाकला, चावला, आणि थांबले.

"आयला! माती हाय की ही!"

हॉलभर हशा पिकला. मीही पेढा खाल्ला. तूप कळलं, वेलची कळली, खव्याचा किंचित खारटपणाही कळला. गोड नाही. ज्या चवीवर माझं घर चाललं ती चव तोंडातून पुसून गेली होती. माझ्या मनात एकच आलं, हे चार वर्षं आधी आलं असतं तर प्रमिला आज असती. मत घेतलं तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

मॅडमना वाटलं आपण जिंकलो. चेअरमनना वाटलं आपण जिंकलो. असा ठराव आमच्या गावात क्वचितच होतो.

प्रमिलाबद्दल एक सांगतो. तिला गूळ बंद होता. मीच बंद केला होता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. ती गेल्यावर घरात गूळ सापडत राहिला. शिलाई मशीनच्या खणात, देव्हाऱ्यात कापराच्या मागं, धान्याच्या कणगीत. एक खडा माझ्याच कानटोपीच्या घडीत सापडला. म्हणजे मी कधी तिथं बघणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मी कपाटापुढं उभा राहून हसलो आणि मग बसून राहिलो. माझी खात्रीच होती की तिला मारलं ते जिभेनं. जीभ म्हणजे चोर. तिला कुलूप घातलं की झालं.

जूनपासून प्रार्थनेनंतर मुलं ओळीनं "आ" करू लागली आणि पापुद्रा सुरू झाला. पहिले महिने मजेत गेले. गोड गेल्यावर मुलांच्या जिभेला बाकीच्या चवी जास्तच कळू लागल्या. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी कैरीच्या फोडी वाटायला लागले. आवळ्याचे दर वर्गात ठरायचे, एका आवळ्याला दोन खोडरबर. पोरं शाळेमागच्या चिंचेखालून उठेनात.

एकदा घरी जेवताना अनू म्हणाली, "आई, कारल्याची भाजी वाढ की अजून."

सूनबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. शर्वरी त्यांचं नाव, मिरजेच्या. "काय वाढू?"

"कारलं. तू नीट करत नाहीस गं. कडू काढून टाकतीस सगळं."

माझा मुलगा तोंडात घास घेऊन हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. त्या रात्री मला बरं वाटलं. मुल्ला मॅडमनी एक फोटो पाठवला होता, संत्र्याच्या नळाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलं होतं. खाली लिहिलं होतं, "तोडकर आण्णा, अभिनंदन."

गणपती झाले, दसरा आला. देखरेखीची पाळी माझी होती म्हणून मी हॉलमध्ये गेलो, तर नळापुढं रांग. दोन्ही नळांपुढं. अनू पण रांगेत.

"काय गं, कसलं लागतंय ते?"

"आंबट पाण्यासारखं."

"मग पितीस कशाला?"

तिनं विचार केला. "काय की. बरं वाटतंय."

मागची पोरगी म्हणाली, "आज्जा, ते प्यालं की खेळाय जोर येतोय."

ऑक्टोबरची उन्हं होती. तहान लागत असेल, असं मी मनाशी ठरवलं. घरी आलो तर शर्वरी फोन घेऊन बसलेल्या. अनूच्याही दंडाला पट्टी होती, आज्जीमुळं; पट्टीचे आकडे फोनवर दिसायचे. घराण्यात मधुमेह असल्यानं डॉक्टरांनी लहानपणापासूनच लावायला सांगितली होती.

"आण्णा, ही रेघ बघा. दुपारची. रोज दुपारनंतर वर चालली आहे."

"वाढतं वय आहे."

"वाढत्या वयाला रोज शाळेच्या जेवणाची, साडेबाराची वेळ कशी कळते?"

मला राग आला. पापुद्र्यानं पोरांची जीभ तिखट झाली होती. सूनबाईंचीही झाली की काय, असं मनात आलं. खरं म्हणजे मला ती रेघ बघायचीच नव्हती. पापुद्रा बरोबर असेल, तर प्रमिलाला वाचवणारी वस्तू जगात होती, फक्त उशिरा आली. तो चूक असेल, तर तसली वस्तूच नव्हती. उशिराचं दुःख मी सोसत होतो. दुसरं मला झेपणार नव्हतं.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि साखरेच्या पहिल्या पोत्याची पूजा आली. आमच्याकडं ही रीत जुनी. पहिलं पोतं शिवून बाहेर येतं, त्याला हार, नारळ, हळदकुंकू. मग त्यातलीच साखर सगळ्यांच्या हातावर. शाळेची मुलं ओळीनं येतात. पापुद्र्याच्या वर्षीही आली. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोत्याची साखर ही काही खाणं नव्हे, ती रीत. रीतीला कोण नाही म्हणणार? आणि पोरांना तशीही चव लागणार नव्हती.

चेअरमननी पहिली मूठ स्वतः वाटली. पोरांनी साखर तोंडात टाकली आणि ओरडली, "वाळू! वाळू!" हसणं, खिदळणं, एकमेकांच्या शर्टात टाकणं. मोठ्या माणसांनी चिमूटभर खाऊन हात झटकले.

मी गोदामाच्या सावलीत उभा होतो. मला एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात नवा गडी कामाला लागला की पहिल्या दिवशी मूठभर साखर खातो. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. आठवड्यानं त्याला साखर दिसतसुद्धा नाही. विटतो. गोडाचं असंच आहे, थोडं हवंहवंसं वाटतं, मग मिट्ट होतं, मग नको होतं.

आणि समोर बघितलं तर पोरांचे हात थांबत नव्हते. खेळ संपला, "वाळू वाळू" ओरडून झालं, तरी पोरं परत येत होती. अनू तिच्या मैत्रिणीला कसल्याशा गोष्टी सांगत उभी होती. सांगता सांगता पोत्यात हात घालायची, तळवा चाटायची, परत हात घालायची. तोंडावर आनंद नाही, किळस नाही. माणूस बोलता बोलता नखं खातो, तसं. मी तिला हाक मारली तर तिनं तळव्याकडं बघितलं. साखर कुठून आली हे तिला कळलं नव्हतं.

मी तिला हाताला धरून घरी आणलं.

शर्वरींना म्हणालो, "सूनबाई, तुमचं बरोबर होतं. रेघेचं." त्यांनी काही ऐकवलं नाही. मी ऐकून घ्यायला तयार होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"बघायचं."

अनूला बोलावलं. "अनू, उंदीर व्हशील काय?"

"कसला? पांढरा का काळा?"

"पांढरा. प्रयोगशाळेतला."

"मग मला शेपूट पाहिजे."

आईची ओढणी कमरेला बांधून उंदीर तयार झाला. प्रयोग असा. लिंबूपाणी दोन तऱ्हेचं. एकात जिरं, एकात आलं. दोन्हींत मीठ सारखंच. साखर मात्र एकातच, तीही शाळेत पोटात जायची त्यापेक्षा कमी. अनूनं शाळेत नळाला हात लावायचा नाही, घरी आल्यावर पापुद्रा असतानाच हे प्यायचं. साखर कशात आहे हे मला ठाऊक नाही, अनूला नाही. शर्वरी आतून भरून आणायच्या आणि साखरेच्या पेल्याच्या बुडाला टिकली चिकटवायच्या.

पहिले काही दिवस दोन्ही पेले आलटून पालटून दिले. "चव काय, जिऱ्याची आणि आल्याची," उंदीर म्हणाला. "आल्याचं नको मला. घाण वास." मग दोन्ही समोर ठेवून म्हटलं, हवा तो घे. तिनं जिऱ्याचा घेतला. दुसऱ्या दिवशीही जिऱ्याचा. पेला उलटा केला, टिकली.

"पण तिला आलं आवडतच नाही," मी शर्वरींना म्हणालो. अजून माझं मन मानत नव्हतं. "आता साखर आल्यात घाला."

पुढच्या आठवड्यात अनू जिऱ्याचा पेला अर्धा ठेवू लागली. मग एक दिवस ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, शेपूट बांधलं आणि सरळ आल्याच्या पेल्याला हात घातला. नाक मुरडलं, आणि गटागटा प्याली. वर म्हणाली, "आहे का अजून?"

शर्वरींनी पेला उलटा केला. टिकली होती. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"मी नापास झाले काय?" अनूनं विचारलं.

"उंदीर नापास होत नाही गं. आज्जा झाला."

ती शेपटाशी चाळा करत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "आज्जा, मला आज्जीसारखं होणार काय? सुया आणि पाय आणि सगळं?"

या वयाच्या पोरीनं हे विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, याची तयारी कुणी करून ठेवत नाही. मी तिला जवळ घेतलं. "नाही होणार. आत्ता कळलंय ना आपल्याला? तुझ्या आज्जीचं कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस नाही. पण मी आहे, आई आहे, आणि रेघ अजून लहान आहे."

तिला ते पटलं असावं. तिनं ओढणी सोडून आईला दिली.

तेजसला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. चहा घेतला नाही.

"आण्णा, आतड्यालाही साखर कळते," तो म्हणाला. "तिथल्या अस्तरात काही पेशी असतात. त्यांना चव नसते, पण साखर आली हे त्या ओळखतात आणि तिथून थेट मेंदूला निरोप जातो. गोड असा नाही जात. एवढाच जातो की हे चांगलं आहे, हे परत आण. ज्यांना जन्मापासून गोडाची चवच नाही असले उंदीरसुद्धा काही दिवसांत साखरेच्या पाण्याकडं वळतात. हे जुनं आहे. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"उंदरांचं माहीत होतं. मला वाटलं, जिभेला गोड लागलंच नाही तर पोरगं नळापर्यंत जाणारच कशाला? पहिले महिने गेलंही नाही. पण उन्हातान्हात तहानेला दोनदा-चारदा पितंच की. तेवढं आतड्याला पुरे झालं." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "आणि एक चूक जास्त मोठी. मी धरून चाललो की जीभ खायला लावते. ती थांबवतेसुद्धा, आण्णा. मिट्ट झालं, नको झालं, हे जीभच सांगते. आतडं नाही सांगत. मी चोराला कोंडतोय समजून राखणदाराला कोंडलं."

मला गोदामातले गडी आठवले. मी जन्मभर बघत होतो आणि मला सुचलं नव्हतं, त्यामुळं त्याला बोलायला मला तोंड नव्हतं.

जे विचारायचं नव्हतं ते मी विचारलं. "तेजस, तुझ्या काकूच्या वेळी हे असतं तर?"

तो आमच्या घरी लहानपणापासून यायचा. प्रमिलानं त्याला किती वेळा जेवायला घातलं असेल. तो खोटं बोलू शकला असता.

"काकूंनी जास्तच खाल्ला असता गूळ. आणि त्यांना कळलंही नसतं."

मी उठून मागच्या दारी गेलो. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंच. पण त्याबरोबर दुसरंही काही वाटलं आणि त्याचं मलाच नवल वाटलं. कानटोपीतला तो खडा. निदान तिला तो गोड तरी लागला होता.

सभा बोलावली. तेजसनं सगळं न लपवता सांगितलं आणि पापुद्रा त्याच दिवसापासून बंद करायला सांगितला. विद्यापीठालाही त्यानं तसं कळवलं होतं. त्यावर कुणी वाद घातला नाही. वाद पुढं सुरू झाला.

"मग नळ?" चेअरमन म्हणाले. "पोरांची जीभ परत आली म्हणजे राखणदार आला. आता काय अडचण हाय?"

"राखणदाराला एवढे महिने झोपवलं आणि उठल्या उठल्या त्याच्यापुढं नदी सोडायची?" मुल्ला मॅडम म्हणाल्या. "नळ बंदच."

"नळच काय, शाळेत गोडाचा कणसुद्धा नको," एक आई म्हणाली. "घरी आम्ही बघून घेऊ." बऱ्याच जणींनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या घरातलं माणूस साखरेनं गेलं होतं, तेव्हा मी काय म्हणणार हे त्यांना माहीतच होतं.

मी म्हणालो, "नळ बंद करा. पण शनिवारी वाटीभर गोड वाढा. शाळेच्या स्वयंपाकघरात केलेलं."

"आण्णा!" ती आई म्हणाली. "तुम्ही म्हणता हे? तुमच्या घरात एवढं झालं, तरी?"

"झालं म्हणूनच म्हणतो. आम्ही प्रमिलाला सगळं बंद केलं होतं. तिच्या ताटावरनं माझी नजर हलायची नाही. ती म्हणायची, तुम्ही बघाय लागला की मला दुप्पट भूक लागती." काहीजणी हसल्या. प्रमिलाला ओळखणाऱ्या होत्या. "पोरं जन्मभर शाळेत राहणार न्हाईत. बाहेर गल्लोगल्ली गोड हाय. पुरे कधी म्हणायचं हे त्यांच्या जिभेला कुठंतरी शिकावं लागंल. ते एकट्यानं नळापाशी उभं राहून शिकता येत नाही. पंगतीत बसून, भाकरी-भाजीबरोबर, वाटीत शिकता येतं. आणि अजून एक. तो फलक."

हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताटात टाकू नये.' आम्ही सगळे त्याच्याखाली जेवून मोठे झालो होतो.

"गोडाच्या वाटीला तो नियम लावायचा नाही," मी म्हणालो. "पोरानं अर्धी ठेवली तर ठेवू द्यायची. वाढणाऱ्यांनी आग्रह करायचा नाही, कुणी डोळे वटारायचे नाहीत. नाहीतर पोराची जीभ पुरे म्हणणार आणि आपण खा म्हणणार. मग ती कुणाचं ऐकणार?"

यावर मात्र खरा गोंधळ झाला. नळाला झाला नव्हता एवढा. अन्न टाकायचं? शाळेत? पोरांना तेच शिकवायचं? चेअरमन उभे राहिले. "आण्णा, माझ्या आईनं मला पानातलं एक शीत टाकू दिलं न्हाई!"

"आणि दादा, तुमच्या दंडाला पट्टी हाय का न्हाई?"

चेअरमन खाली बसले. सावकाश हसले. "हाय की. बापालाबी होती."

शेवटी मॅडमनी मार्ग काढला. वाटी लहान करायची, आणि उरलेलं टाकायच्या आधी शेजाऱ्याला विचारायचं. चेअरमननी नळ काढायला माणूस पाठवायचं कबूल केलं. "पण आण्णा," जाता जाता म्हणाले, "कारखान्याची साखर मी कुठं घालू?"

"कुठंबी घाला. पोरांच्या पोटात गोदाम बांधू नका."

पापुद्रा बंद झाल्यावर पोरांना दिवसाचं सगळंच फार गोड लागू लागलं. दूध गोड, गाजर गोड. चपाती चावताना अनू डोळे मोठे करायची, "आई, यात काय घातलंस?" कारल्याचं प्रेम मात्र तसंच राहिलं. दुपारची रेघ हळूहळू खाली येऊ लागली. वर्षभर लक्ष ठेवा, डॉक्टरांनी सांगितलं. एवढ्यात सुटलो म्हणू नका. आतडं जे शिकलंय ते विसरायला वेळ लागतो.

पहिल्या शनिवारी गव्हाची खीर होती, गुळाची, वर खोबरं. समितीची माणसं मुलांबरोबर पंगतीत बसली. अनूनं मला तिच्या शेजारी बसवून घेतलं. भाकरी, मुगाची आमटी, कारलं आणि डाव्या हाताला छोटी वाटी.

तिनं भाकरीला हातच लावला नाही. आधी खीर. पहिला चमचा तोंडात गेला आणि ती तशीच बसली, चमचा ओठांत धरून. मग दुसरा घेतला. तिसरा. चौथ्याला तिचा वेग वाढला. आजूबाजूला सगळ्या पंगतीत चमचे वाजत होते. एक पोरगा वाटी शेजाऱ्याकडं सरकवत होता, "घे रे, लई गोड झालं मला." मॅडम माझ्याकडं बघून हसल्या. पण अनू थांबत नव्हती. वाटी अर्ध्याच्या खाली गेली होती. माझ्या हातातला घास हातातच होता. 'बास' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला.

"आज्जा," अनू माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बघू नको की माझ्याकडं. तू तुझं जेव."

मी मान खाली घातली. भाकरी आमटीत बुडवली. आमटी गरम होती, लसणाची फोडणी चांगली बसली होती. शेजारी चमचा वाटीला लागून वाजत होता. मी कारलं खाल्लं. मग चमचा वाजायचा थांबला.

वाटीत किती उरलं होतं ते मी बघितलं नाही.